सुनेच्या हातचा प्रसाद

सासऱ्यांनी ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

सुनेच्या चिमटीतला ख्रिस्तप्रसाद चिमटीतच राहिला. पलंगाशेजारच्या स्टुलावर तिनं पांढरं कापड अंथरलं होतं, प्रसादाची डबी ठेवून मेणबत्ती लावली होती, प्रार्थना म्हटली होती. सगळं रीतसर झालं होतं. राहिलं होतं ते फक्त म्हाताऱ्याचं ‘आमेन’.

“ख्रिस्ताचं शरीर,” ती पुन्हा म्हणाली.

“ते मला माहीत आहे,” सासरे भिंतीला म्हणाले. “तू कोण, तेही माहीत आहे.”

खुब्याचं हाड मोडल्यापासून ते अंथरुणाला खिळले होते. वय ऐंशीच्या पुढे. हाड जुळायची आशा डॉक्टरांनी सोडली होती. जन्मभर त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि जन्मभर रविवारची मिस्सा, प्रभुभोजनाची उपासना, चुकवली नाही. चर्चमधून लॅटिन गेलं, वेदी पुढे सरकली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले, गिटार आली. गिटार वाजवणारा तर त्यांचाच मुलगा. तरी ते शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचे. प्रसाद मात्र फादरच्याच हातून, गुडघे टेकून, जिभेवर. आपल्या रांगेला फादर नाहीत असं दिसलं की सरळ रांग बदलायचे.

आता रांग बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. फादर एकटे आणि सांभाळायची चर्चं तीन. त्यामुळे आजाऱ्यांच्या घरी प्रसाद न्यायचं काम त्यांनी चार-दोन भाविकांवर सोपवलं होतं; पापांची कबुली ऐकणं तेवढं फादरशिवाय कुणाला करता येत नव्हतं. त्यांतली एक ही सून.

“हे काम तू मुद्दाम मागून घेतलंस,” सासरे म्हणाले. “मी पडलोय हे बघून.”

तिला ते झोंबलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं.

“बाबा, सकाळी याच हातांनी तुम्हाला पुसून काढलं. भांडं दिलं, चादर बदलली. तेव्हा नाही तोंड फिरवलंत.”

“म्हणूनच सांगतोय. माझी घाण काढलेल्या हातातून मी देव घेऊ?”

“प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले आणि त्याच हातांनी भाकर मोडली. मध्ये साबण लावला होता की नाही, ते कुठे लिहिलेलं नाही.”

“ते प्रभूचे हात. तुझे बायकांच्या केसांना रंग फासणारे.”

तिनं नकळत बोटांकडे पाहिलं. खाली तळमजल्यावर तिचं पार्लर होतं. नखांच्या कडांना काळपट रंग होता, कितीही घासला तरी न जाणारा. प्रसादाच्या शुभ्र चकतीपुढे तो आणखीनच काळा दिसत होता. तिनं बोटं आवळली नाहीत; चकती मोडली असती.

“तुमच्या त्या लॅटिनमधलं तुम्हाला एक अक्षर तरी कळत होतं का?” ती म्हणाली. “माझी आजी अख्खी मिस्सा जपमाळ ओढत बसायची. करणार काय बिचारी? समोर फादरची पाठ!”

“फादर तुझ्या आजीला पाठ दाखवत नव्हते. ती जिकडे बघत होती, तिकडेच तेही बघत होते.” सासऱ्यांचा श्वास वाढला. “आणि मला कळायची गरज काय? ज्याला सांगत होतो त्याला कळत होतं. आता तुम्हाला सगळं कळतं. कळतं म्हणून मिस्सा चालू असताना गप्पा मारता, टाळ्या पिटता. त्यापेक्षा न कळलेलं बरं.”

“मग घेऊ नका. मरा तसेच!”

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. हातात प्रसाद होता. तिनं तो हळूच डबीत ठेवला. झाकण लागल्याचा बारीक आवाज झाला. त्या आवाजासरशी म्हाताऱ्याची मान वळली. भुकेल्या माणसासमोरून कुणी ताट उचलून न्यावं, तसे ते त्या डबीकडे बघत होते. तिनं ते पाहिलं. तिला वाटलं, आता म्हणतील. एक शब्द म्हणाले असते, तरी तिनं झाकण उघडलं असतं.

ते म्हणाले नाहीत. तिनंही विचारलं नाही.

एवढ्यात दार ढकलून तिचा नवरा आत डोकावला. काल रात्रभर तो बायकोला समजावत होता, की बाबांच्या वाटेला जाऊ नकोस. आता त्यानं आधी मेणबत्तीकडे पाहिलं, मग बायकोच्या हातातल्या मिटलेल्या डबीकडे, आणि त्याचा चेहरा उजळला.

“झालं? घेतला बाबांनी?”

तिनं बोलायला तोंड उघडलं.

“घेतला,” सासरे म्हणाले.

“बघ! मी उगाच काळजी करत होतो.” नवरा हसला. पुढे होऊन त्यानं बापाच्या पायांवरची चादर सारखी केली आणि शीळ घालत निघून गेला.

खोलीत दोघंच उरली.

“धडधडीत खोटं बोललात,” ती म्हणाली. “तेही प्रसादासमोर.”

“बोललो.” सासऱ्यांनी डबीकडे बघून सावकाश क्रुसाची खूण केली आणि डोळे मिटले. “आता जा आणि फादरना बोलावून आण. म्हणावं, म्हाताऱ्याला पाप कबूल करायचंय. की तेही काम तुझ्याकडेच आलंय?”