पाठवणीची सनई

सुनंदाचं लग्न झालं त्याच वर्षी गावात हाताच्या सनया आल्या. दोन्ही मनगटांत कडी घालायची आणि हवेत हात फिरवायचे. हात वर गेला की सूर चढायचा, बोटं थरथरली की सूरही थरथरायचा. दम्यामुळे तिच्या वडिलांची, केरबांची फुंकायची सनई कधीच सुटली होती. लेकीची पाठवणी आपणच वाजवायची, एवढ्यासाठी म्हातारपणी त्यांनी ही कडी शिकून घेतली.

मांडवाच्या दारात व्याही आले. केरबांनी सवयीने वाकून हात जोडले, आणि कड्यांतून एक लांब, केविलवाणा सूर निघाला.

"व्याहीबुवा, तुमचा नमस्कारसुद्धा रडतो की!" व्याही म्हणाले, आणि सारा मांडव हसला.

मग वरपक्षातला जो तो मुद्दाम पुढे येऊन रामराम घालू लागला. केरबा प्रत्येकाला हात जोडत राहिले, आणि कडी प्रत्येक वेळी रडत राहिली.

त्यांच्या मुलाची, शहाजीची मान खाली गेली. त्याने वडिलांना बाजूला ओढलं. "बाबा, काढा ती कडी. लाज आणली तुम्ही."

"अरे, पाठवणीपुरती तरी राहू दे."

"स्पीकरवर लावतो मी सनई. काढा आधी."

केरबांनी कडी काढून दिली.

गाडीत बसताना सुनंदा म्हणाली, "दादा, बाबा वाजवणार होते ना?" शहाजीने गाडीचं दार लावून घेतलं. कडी त्याच्या खिशात होती.

गाडी हलली तसे केरबांनी मोकळे हात वर केले आणि हळूहळू बोटं हलवली. लोकांना वाटलं, लेकीला निरोप देताहेत. ते वाजवत होते, हे फक्त शहाजीला कळलं.

केरबा पुढच्या चैत्रात, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वारले.