दगडाची साक्ष

दोराला बांधलेली दगडाची फरशी विहिरीच्या काठावर आली आणि भामाबाईच्या हातातली भाकरीची पाटी निसटली. वांग्याचं कालवण मातीत सांडलं.

दगडात एक मूल निजलं होतं. मोठं डोकं, बारीक फासळ्या, दोन इवले हात. कमरेखाली चिखल थापलेला. कळंबच्या शिवारात, अडतीस सालच्या त्या भर दुपारी, दहा-बारा माणसं भोवती उभी होती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. बारा वर्षांपूर्वी भामाबाईनं इथंच, बाभळीखाली, सुनेची मुलगी पुरली होती. तिला नातू हवा होता, एवढंच. ‘मेलेलीच जन्मली’ असं तिनं सगळ्यांना सांगितलं. गेल्या दिवाळीनंतर पाणी शोधायला आलेल्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ नेमका त्याच जागी उभा राहिला. इथं विहीर नको म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. वरची माती निघाली तेव्हा ती रोज काठावर बसून बघत होती. हाड नाही, चिंधी नाही. तेव्हा कुठं तिला घास गोड लागला.

आणि आता तीस हात खालून पोरगी दगडाची होऊन वर आली होती.

सून सारजा पुढं झाली. तिला पुन्हा मूल झालंच नव्हतं. कुणाचं तरी लेकरू म्हणून ती गुडघ्यावर बसली आणि पदरानं त्या दगडाचं तोंड पुसू लागली. ते मात्र भामाबाईला बघवेना.

“नगं पुसूस!” ती किंचाळली. “तुझीच हाय ती. जित्ती व्हती गं. माती लोटली तरी रडत व्हती.”

विहीर खणणाऱ्या गेणबानं घाबरून घागरभर पाणी दगडावर ओतलं. चिखल वाहून गेला. पायांमधून हातभर लांब शेपूट निघालं.

शाळेचे सावळाराम मास्तर वाकले. “हे मूल नाही. पुस्तकात चित्र पाहिलंय मी. सॅलमँडर. पाण्यातला, पालीसारखा जीव. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी दगड झालेला.”

सारजा उठली. तिचा आवाज अगदी शांत होता.

“मग माझी कुठं हाय, आत्याबाई?”

भामाबाईची नजर शेजारच्या वाफ्याकडे गेली. विहिरीची वरची माती सारजानंच पाट्या भरभरून तिथं वाहिली होती. यंदा वांगी कधी नव्हे इतकी लागली होती.