सुगंधी संसार

डास पळवणाऱ्या मलमासाठी सिट्रोनेला गवताचं तेल काढायचं, यात भट्टीवाल्याची उभी हयात गेली. तो वास कातडीत असा मुरला होता की साबण घासघासूनही जाईना. तरी बायको रोज त्याला बिलगूनच झोपायची.

"म्हातारी अजून जीव टाकते माझ्यावर," तो मिशीतल्या मिशीत हसत मित्रांना सांगायचा.

निवृत्त झाल्यावर हळूहळू वास उतरला. एके दिवशी तो भारीतला साबण लावून, भांग पाडून ऐटीत खोलीत आला. बायको पलंगाला मच्छरदाणी बांधत होती. त्यानं आत शिरायला कड उचलली.



"अहो, एकटीपुरतीच आणलीय. तुम्ही बाहेरच झोपा, म्हणजे डास तिकडे गुंततील!"