मातीखालचा निळा उजेड

ऐन कुस्तीत पैलवान शिवाप्पाच्या काखेतली माती घामाने धुतली गेली आणि कातडीखालून निळा उजेड पडला.

"एचआयव्ही!" कुणीतरी किंचाळलं.

गोळ्यांनी त्याचं रक्त कधीच निर्धोक झालं होतं. पण काखेतल्या गाठींच्या पेशींत दडून झोपलेला विषाणू गोळ्यांना सापडत नसे. नवं इंजेक्शन त्याला जागं करून निळं उजळवायचं, मगच तो मारता यायचा; तो निळा उजेड आता सगळेच ओळखत.

"ठेचा त्याला!" पहिल्या दगडाने शिवाप्पाची भुवई फोडली, दुसऱ्याने दात पाडले.

समोरचा पैलवान बाबालाल वाकला. सलामीला टाकतात तशी मूठभर माती त्याने शिवाप्पाच्या काखेत चोळली.

"कुस्ती निकाली व्हायचीय अजून! मागं सरा!" तो गर्दीवर गरजला आणि जराही दया न दाखवता त्याने शिवाप्पाला अस्मान दाखवलं.