कावळेहाकणी

"फिरत का नाही ही?" अलिबागहून आलेल्या सरकारी साहेबांनी विचारलं.

विश्वंभर मास्तर गुडघ्यांवर बसून वाळूत बोटं फिरवत होते. "खीळ पडलीय, साहेब. एवढीशी लोखंडी खीळ. काल संध्याकाळी होती हो!"

कावळेहाकणी त्यांनीच बनवलेली. वारा आला की पातं गरगर फिरायचं, पत्र्याचे डबे खडखडायचे आणि खळ्यावर वाळत घातलेल्या जवळ्याकडे एकही कावळा फिरकायचा नाही. आज ती साहेबांना पसंत पडली, तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळीवाड्यात लागणार होती. तीही मास्तरांच्या नावानं!

आणि नावासाठी मास्तरांनी काय कमी खटपट केली होती? स्वातंत्र्याच्या वर्षी नाटक लिहिलं, त्याचा एकच प्रयोग झाला. मग सुपारी सोलायचं यंत्र केलं, त्यानं सुपारी सोडून अंगठा सोलला. चालली ती फक्त गाणी. कावळे हाकत दिवसभर खळ्यावर बसणाऱ्या कोळणी तीच गायच्या. घरात मास्तर एकटेच. खिडकी उघडी ठेवून ऐकत बसायचे.

दोन महिन्यांपूर्वी कावळेहाकणी लागली. राखणीला बसायचं कारणच संपलं, बायका आपापल्या घरी गेल्या. तेव्हापासून मास्तरांच्या खिडकीत नुसते डबे वाजायचे. नवं गाणं मागायला कुणी म्हणून कुणी आलं नाही.

साहेब कोळणींच्या पुढारणीकडे, सोनूबाईकडे वळले. "एरवी रोज चालते ना ही?"

मास्तरांनी मान वर केली.

"कवाच न्हाय," सोनूबाई ठसक्यात म्हणाली. "नुसता सांगाडा हाय, सायेब. कावले वर बसून हगतात!"

मागच्या बायका खिदळल्या. साहेबांनी कागदावर फुली मारली आणि ते गाडीत जाऊन बसले.

गाडीचा धुरळा खाली बसला. मग मास्तर म्हणाले, "सोनूबाई, खोटं बोललीस?"

"व्हय, बोलली." ती त्यांच्यासमोर वाळूतच बसली. "दोन महिनं घरात भिताडासंगं बोलतेय मी. उद्यापासून आमी समद्या परत हितं बसनार. नवं गानं द्या."

"आणि खीळ?" मास्तरांनी वर न बघता विचारलं.

"ती काडायलाच मी आलती ना, तांबडं फुटताना," सोनूबाई म्हणाली. "पन मास्तर, तवा तुमी ती समुद्रात फेकत व्हता."