पाखडलेली रेंज

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या पाड्यावर फोनला रेंज मी सुपातून आणली. हे सांगत होतो डोलीतल्या बायकोला, सकूला. तिला पहाटे मण्यार चावली होती. साप चावलेल्याला झोपू द्यायचं नसतं. चौघे डोली उचलून पोशेऱ्याच्या रस्त्याकडे उतरत होते, मी बाजूने बडबडत. “रेंज नुसती खरखरत होती गं. मग टॉवरकडे तोंड करून फोन सुपात घेतला अन् नागलीसारखा पाखडला. खरखर फोलपटासारखी उडाली, चोख आवाज उरला. दवाखान्यात फोन लागला, गाडी रस्त्यावर येऊन थांबलीसुद्धा!” तिच्या पापण्या मिटल्या. “सकू, ऐकतेस ना?” मी डोलीवर वाकून ओरडलो, “अगं, डॉक्टर म्हणाला, असलं सूप आम्हालाही विणून द्या!” डोलीतून घोगरा आवाज आला, “खोटारडा म्हातारा! फोन तर परवापासून बंद, माझ्या कनवटीला हाय!”