मंगळवारचं वजन

पावणेदहाला शिंपीकाकांनी डाव्या हातात इस्त्री घेतली आणि ते वजनकाट्यावर चढले.

इस्त्री दुकानातली, जुनी, चांगली अडीच किलोची. दुकान विकलं तेव्हा तेवढी एक वस्तू त्यांनी घरी आणली होती. ती अशी कामाला येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

काट्यावरचा आकडा मोबाइलमधून आपोआप मॅडमकडे जायचा. किडनी बदलल्यानंतर हॉस्पिटलने हा काटा दिला होता आणि सोबत या मॅडम. दर मंगळवारी दहाला त्यांचा फोन. पाणी किती प्यायलात, किती चाललात, गोळ्या वेळेवर घेतल्या का, मीठ कमी केलं का. नियम असा, की सलग तीन महिने वजन जागेवर राहिलं की पेशंटला सुटी. फोन बंद.

काकांचं वजन दोन महिन्यांतच शहाण्या मुलासारखं जागेवर येऊन बसलं. तेव्हा ते घाबरले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. किडनी देणारी अक्का तिच्या मुलाकडे, लांब. तिचा फोन महिन्यातून एकदा, तोही दोन मिनिटांचा. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज घुमायचा तो मंगळवारी, वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी माणूस इस्त्री उचलणार नाही तर काय करणार?

दहाला फोन वाजला.

"काका, पुन्हा किलोभर वाढलंय हो."

अडीचचं किलोभर करून सांगतात, काकांच्या मनात आलं. समोरचा दुखावू नये म्हणून. भारीच मायाळू बाई.

"जीभ ऐकत नाही, मॅडम."

"म्हणजे मला दर आठवड्याला तुमचा कान पिळावा लागणार."

"पिळा की. दोन आहेत."

त्या हसल्या. हल्ली त्यांच्या मागे ऑफिसचा गलका नसायचा. कुठल्याशा घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. फोनही वेगळ्या नंबरवरून यायचा आणि 'हे संभाषण रेकॉर्ड होत आहे' असं नाकात बोलणारी बाईसुद्धा गायब झाली होती. मॅडमना बढती मिळाली असणार, स्वतंत्र खोली मिळाली असणार, असं काकांनी ठरवून टाकलं होतं. आपल्यासारखा हट्टी पेशंट सांभाळतात, मिळायलाच हवी.

रविवारी अक्काचा फोन आला.

"माझी किडनी नीट आहे ना रे?" ती नेहमीसारखं थट्टेत म्हणाली. "दिलीय तुला, पण लक्ष आहे हं माझं."

फोन ठेवल्यावर काकांची नजर इस्त्रीवर गेली. खोट्या आकड्यांवरून डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या तर? अक्काने पोट चिरून दिलेली वस्तू, आणि आपण ती एका फोनपायी पणाला लावली. त्यांना स्वतःची लाज वाटली. मॅडमना फोनवर सांगायची मात्र हिंमत होईना. त्या रागावल्या असत्या तर चाललं असतं, पण गप्पच झाल्या असत्या तर?

मंगळवारी ते काट्यावर चढलेच नाहीत. काटा पिशवीत घातला आणि सकाळीच हॉस्पिटल गाठलं. खिडकीवरच्या कारकुनापुढे तो ठेवून त्यांनी इस्त्रीसकट सगळं कबूल केलं.

"माझं नाव काढून टाका," ते म्हणाले. "मॅडमना बोल लावू नका. त्यांची काही चूक नाही."

कारकुनाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

"नाव चार महिन्यांपूर्वीच निघालंय, काका. सगळ्यांचीच निघाली. तो विभागच बंद झाला. मॅडमनी शेवटच्या फोनवर प्रत्येकाला सांगायचं ठरलं होतं. तुम्हाला नाही सांगितलं?" त्याने काटा उचलून कपाटात ठेवला. "त्याच दिवशी त्यांचीही नोकरी गेली. याचे आकडे तेव्हापासून कुठेच जात नाहीत."

काका रिकाम्या पिशवीची घडी करत उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

"काका, आत्ताच आकडा पाहिला," मॅडम म्हणाल्या. "आजही किलोभर जास्तच आहे. तुम्हाला इतक्यात काही सोडता येणार नाही."